नऊ दिवसांची सेकंड शिफ्ट

सावनेरचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका बापाला समजावत होते की इंग्लंडात पोरगं उपाशी मरत नाही. सावनेर म्हणजे गाव नव्हे, माझी मैत्रीण. बारा वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडातल्या एका लहान शहरात आम्ही तिघी एका भाड्याच्या घरात राहिलो होतो. तिघी नागपूर जिल्ह्यातल्या, तिघींचे विषय वेगळे, आणि ओळख झाली ती 'कुठली गं तू?' या प्रश्नावर. त्या दिवसापासून आमची नावं मागे पडली. एक सावनेर, दुसरी भिवापूर आणि मी नागपूर शहरातली, म्हणून धरमपेठ. "धरमपेठ काय गाव हाय का वं? चार दुकानं आन एक सिग्नल," असं म्हणून दोघी मला छळायच्या.

"आयकून राहिली ना?" सावनेर म्हणाली. "रविवारी मी कॅनडाले चालली परत. त्याच्या आत तिघी भेटू. भिवापूरले बोलाव."

बारा वर्षांत तिनं भिवापूरचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. मी चुकून काढलं तर विषय बदलायची.

"तिले सांग, मी राग सोडला म्हनून," ती म्हणाली. "आई जायच्या आधी तिच्याजवळ बसून बसून लई इचार केला. आता कायले धरून ठेवू?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. समोरचा बाप हातात फॉर्म घेऊन बसला होता. 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' या रकान्यात त्यानं मुलाच्या रूममेटचं नाव लिहिलं होतं. एरवी मी अशा वेळी आईबापांना सांगते, तिथल्या विद्यापीठाचा माणूस द्या, मित्राच्या गळ्यात हे लोढणं बांधू नका. त्या दिवशी काही न बोलता फॉर्म ठेवून घेतला. सावनेर राग सोडत होती ही चांगलीच गोष्ट होती. पण तो राग चुकीच्या माणसावर होता, आणि हे सगळ्या जगात फक्त मला ठाऊक होतं.

सावनेरचे वडील कोळशाच्या खाणीत पंप ऑपरेटर होते. खाणीत साचणारं पाणी बाहेर फेकायचं, तीन पाळ्यांत, वर्षानुवर्षं. मुलगी इंग्लंडला शिकायला गेली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "तिथं कोळसा निघते का?" आमच्या त्या शहराच्या आसपास पूर्वी खाणी होत्या, आता सगळ्या बंद. एका खाणीचं म्युझियम केलं होतं. आम्ही तिघी ते बघायला गेलो. सावनेरनं वडिलांसाठी जुन्या पंपाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. गाइड म्हणाला, खाण बंद झाली, पंप थांबले, की खाली हळूहळू पाणी भरतं. सावनेरनं हे रात्री फोनवर सांगितलं तर वडील म्हणाले, "मंग? तो काय इंग्लंडचा कायदा हाय? इथं बी तसंच होते." आम्ही हसून हसून लोळलो. त्यानंतर घरात काहीही नवं कळलं की 'तो काय इंग्लंडचा कायदा हाय?' हे ठरलेलं उत्तर झालं.

स्वयंपाकाचे नंबर लावलेले होते. फ्रिजवर कागद, त्यावर सा, भि, ध. भिवापूरच्या घरची मिरची, तिच्या आईनं स्वतः कुटून पाठवलेली. फोडणीत ती पडली की छतावरचा आगीचा भोंगा बोंबलायचा. म्हणून नियम असा की एकीनं फोडणी घालायची आणि दुसरीनं भोंग्याखाली उभं राहून टॉवेल हलवायचा. भिवापूर अबोल. तिचा राग, लोभ, सगळं स्वयंपाकात उतरायचं. माझ्या हाताला चव नव्हती आणि तोंडाला लगाम नव्हता. सावनेर आमच्यात सगळ्यांत हुशार. तिच्या मेच्या परीक्षेकडे आम्ही दोघींनीही डोळे लावले होते, तिच्याइतकेच.

परीक्षेला तीन दिवस उरले असताना दुपारी माझा फोन वाजला. सावनेरनं घरी माझा नंबर देऊन ठेवला होता, काही झालं तर म्हणून. तिचा धाकटा भाऊ होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, बाबा गेले," तो म्हणाला. "सकाळी ड्यूटीवरून आले, आंघोळीले बसले, तिथंच. तिले सांगू नका. पेपर होऊ द्या. आई म्हनते, बाबाची तेच इच्छा होती."

मी म्हटलं, बरं. आता लिहिताना वाटतं, 'बरं' म्हणायला मला एक श्वाससुद्धा लागला नाही. ज्या वयात आपल्याला कोणी जबाबदार माणूस समजलं याचंच अप्रूप असतं, त्या वयाची मी होते. इतकं मोठं दुःख माझ्या हाती सोपवलंय, आपण ते नीट सांभाळायचं, असं काहीसं. शेवटचा पेपर नवव्या दिवशी होता.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे पिठलं-भाकर करून आणतात आणि घरच्यांना बळेबळे दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. त्या संध्याकाळी स्वयंपाकाचा नंबर माझा होता. सावनेर खोलीत पुस्तकं पसरून बसली होती आणि मला राहून राहून एकच सुचत होतं, हिचा बाप गेलाय, हिला कडू घास कोणी द्यायचा? सावनेरमध्ये तिच्या आईला कोणीतरी भरवलं असेल, भावाला भरवलं असेल. हिच्या वाट्याचा घास इथं कोण आणणार? मला भाकरी थापता येत नाही. मी भिवापूरकडे गेले आणि म्हटलं, माझं डोकं फार दुखतंय, आज तू करतेस का? आणि साधंच कर. पिठलं-भाकर कर.

"पिठलं काहून? वांगे आनले ना काल," ती म्हणाली.

"खावंसं वाटतंय."

तिनं आणखी काही विचारलं नाही. दिवाळीला घरून आलेलं, जपून ठेवलेलं ज्वारीचं पीठ काढलं. मी भोंग्याखाली टॉवेल घेऊन उभी राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीच्या ठसक्यावर ढकलता आलं. सावनेर म्हणाली, भूक नाही, अभ्यास राहिलाय. मी भिवापूरला म्हटलं, तिला खाऊ घाल गं, उपाशी झोपेल. मग भिवापूरनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि लहान पोराला भरवावा तसा तिच्या तोंडात घातला. सावनेरनं पुस्तकावरची नजर न काढता खाल्ला. दुसराही खाल्ला.

पुढचे नऊ दिवस ती रोज घरी फोन करायची. "बाबा?" "बाबा सेकंड शिफ्टले गेले." दुसऱ्या दिवशी, "बाबा सेकंड शिफ्टले हायेत." पाचव्या दिवशी ती माझ्याकडे येऊन कुरकुरली, "पाच पाच दिवस कोनी सेकंड शिफ्ट देते का वं? बाबाची तब्येत बिघडंन." मी म्हटलं, माणसं कमी असतील. असं मी म्हटलं. माझ्या आवाजात इतकी सफाई कुठून आली कोण जाणे.

शेवटच्या पेपराच्या संध्याकाळी भावानं तिला सांगितलं. मी शेजारीच बसले होते. तिच्यासोबत मीही रडले. ते रडणं खोटं नव्हतं, फक्त नऊ दिवस जुनं होतं. तिच्या हातातून फोन घेऊन भिवापूरही रडली, आणि तिचंच तेवढं ताजं होतं.

सावनेर तेराव्याला कशीबशी पोहोचली. वडिलांचा फोटो, त्यावर हार, पंगत. बस, एवढंच तिला मिळालं. महिन्याभरानं प्रबंधासाठी परत आली तेव्हा विमानतळावर मी गेले होते. ट्रेनमध्ये तिनं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "मी त्या घरात येत नाही. दुसरी खोली पाहून ठेवली. भिवापूरले माहीत होतं."

मी विचारलं, कशावरून?

"नंबर तुहा होता. सैपाक तिनं केला. दिवाळीचं पीठ काढलं आन पिठलं-भाकर केली. तिच्या हातानं भरवलं मले. तिनं मले माह्या बापाचा कडू घास खाऊ घातला धरमपेठ, आन सांगतलं नाही. तेरवीच्या पंगतीत बसली होती तवा माह्या ध्यानात आलं."

आता सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. उतरायला अजून दोन तास होते. पण तिनं माझा हात धरला होता, आणि म्हणाली, "तू होती म्हनून मी पेपर देल्ले." मी मूग गिळून बसले. घरी आल्यावर भिवापूरनं विचारलं, "ते काहून नाही आली? माह्यं काही चुकलं का?" तेव्हाही एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, दुःखात आहे, होईल ठीक.

मग वर्षं गेली. सावनेर कॅनडाला गेली, तिथंच नोकरी, तिथंच लग्न. भिवापूर परत आली, गावाकडे लग्न झालं. मी नागपूरला येऊन पोरांना परदेशी पाठवायच्या ऑफिसात बसले. बारा वर्षं सावनेरशी माझी मैत्री टिकली, आणि ती टिकवताना मला एकच भीती होती, तिच्या भावाची. तो एखाद्या दिवशी सहज बोलून जाईल. पण तिनं त्याला कधी विचारलंच नाही. घरात वडिलांचा विषय निघत नसे, आणि विचारायचं तरी कशाला? पिठलं तिनं स्वतःच्या तोंडानं खाल्लेलं होतं. तिच्या आईच्या तेरवीला मी गेले महिन्याभरापूर्वी, तर भाऊ पंगतीत वाढत होता. मी दुरून हात जोडले आणि लवकर निघाले. चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवारी दोघींना जेवायला बोलावलं. सावनेरला दोनदा बजावून सांगितलं की भावाला त्रास देऊ नको, मी तुला संध्याकाळी गाडीनं सोडीन. आणि स्वतःला बजावलं की आज सांगायचं. जेवणाआधी. दोघी समोर असताना.

भिवापूर आधी आली. एसटीनं, हातात कापडी पिशवी, पिशवीत तिखट. केसांत चांगलंच पांढरं. मी तिला पाच-सहा वर्षांनी बघत होते, आणि ती भिवापूरला राहते, टिंबक्टूला नाही. एवढ्या जवळ राहून मी तिच्याकडे का गेले नाही हे तिनं कधी विचारलं नाही. कॉलेजात तासिकेवर शिकवते, म्हणाली. इंग्लंडची पदवी बघून मुलाखतीत विचारतात, मग इथं काहून आल्या? दरवर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. "तेच ते लोक, तेच ते प्रश्न. आता मी त्याईले चहा आनू का म्हनून इचारते," असं म्हणून हसली. सासू अंथरुणाला खिळलेली. नवरा बरा आहे, म्हणाली. बरा आहे म्हणताना दाराकडे बघत होती.

"ते खरंच येऊन राहिली?" तिनं विचारलं.

"तिनंच बोलावलंय तुला."

"काहून रुसली होती, ते तरी समजंन आता," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भात ढवळला.

सावनेर आली आणि दारातच दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मग सावनेरनं तिला मिठी मारली. भिवापूरला काय करावं ते कळेना, तिचे हात तसेच लोंबत राहिले, मग एक हात तिनं सावनेरच्या पाठीवर ठेवला. मी दार लावायचं विसरले होते. समोरच्या काकू बघत होत्या.

जेवणाआधी सांगायचं होतं ते राहिलं. सावनेर बोलायलाच लागली. आईच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ती इथं होती, भावाला तिनं आधीच धमकावून ठेवलं होतं की या वेळी लपवलंस तर तुझं तोंड बघणार नाही. "आईचा हात माह्या हातात होता. गेली तवा समजलं बी नाही, झोपली असंच वाटलं. पन मी होती." कॅनडाचं सांगताना आवाज उतरला. नोकरी आहे, घर आहे, घराच्या मागे झाड आहे. नवरा वरच्या मजल्यावर राहतो, ती खालच्या. भांडण नाही. "भांडायले बी काही लागते ना." गावातलं आईबाबांचं घर भाऊ विकतोय. "आता मी इकडं येईन, त कोनाच्या घरी येईन?"

"माझ्याकडे ये," मी म्हटलं.

"तुह्याकडेच येईन. अजून हाय कोन?"

मी सोले-वांगं केलं होतं, वडाभात केला होता. भिवापूरनं एक घास खाऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बारा वर्सांत बी हात नाही वळला तुहा." तिघी हसलो. तेवढं एकदा हसलो. मग सावनेरनं ताट बाजूला सारलं.

"भिवापूर," ती म्हणाली. "मी तुले काहून तोडलं, तुले माहीत हाय ना?"

भिवापूरनं मान हलवली. नाही.

"त्या दिशीचं पिठलं. बाबा गेले त्या दिशी. तू मले कडू घास भरवला आन सांगतलं नाही. बारा वर्स तो घास इथं अडकून होता." तिनं गळ्याला हात लावला. "आता सोडलं मी. आईनं सोडवलं म्हन. तू माह्या भल्यासाठीच केलं असशील."

भिवापूरचा हात ताटावर थांबला. ती आधी सावनेरकडे बघत राहिली, काहीच न कळल्यासारखी. मग तिची नजर हळूहळू माझ्याकडे आली. मी वाडगा हातात घेऊन भात वाढायला वाकले होते. तिला त्या तेवढ्या वेळात सगळं उमगलं, मला दिसत होतं. माझं डोकं दुखणं. साधंच कर म्हणणं. तिला खाऊ घाल गं म्हणणं. बारा वर्षं मी भिवापूरला न जाणं.

मी वाट बघत होते की ती म्हणेल. खरं सांगते, मला तेव्हा वाटलं, तिनंच म्हणून टाकावं, म्हणजे मी सुटले.

भिवापूरनं पाण्याचा घोट घेतला.

"चुकलंच माह्यं," ती म्हणाली. "माफ कर."

सावनेर रडायला लागली. भिवापूरनं उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हातानं तिचे डोळे पुसले. आणि मी, माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी, हातात भात घेऊन उभी होते. त्या दोघींना मी तिथं नसते तरी चाललं असतं.

भिवापूर भांडी उचलायला आत आली. मी नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. त्याचीही आता लाज वाटते.

"काहून म्हटलंस तसं?" मी विचारलं.

"परवा जाऊन राहिली ते. मायबाप नाही, घर नाही. नवऱ्याचं आयकलंच तू. तुह्याशीच दोन शब्द बोलते तिथून. ते बी तोडू?"

"मी सांगते. आत्ता सांगते."

"सांग ना," ती म्हणाली. आवाज चढला नाही, वर बघितलं नाही, ताट घासत राहिली. "मी कुठं धरून ठेवलं तुले?"

मी हात पुसले आणि बाहेर गेले. वाक्य तोंडात तयार होतं. पिठलं मी करायला सांगितलं होतं. एवढंच. सावनेर सोफ्यावर बसून फोनमध्ये काही भरत होती. मला बघून म्हणाली, "हे पाय. तिकडे ऑफिसात फॉर्म बदलून राहिली. इंडियातलं कोनी, असं लिहाचं असते. पहिले आईचं नाव होतं. आता तुह्यं टाकलं. चालते ना?"

मी म्हटलं, चालतं.

आणि बेल वाजली. संध्याकाळचे पाचही वाजले नव्हते. दारात तिचा भाऊ उभा होता. घराच्या कामानं नागपूरला आलोच होतो, म्हणाला, म्हटलं ताईले घेऊनच जातो, तुमाले कायले चक्कर. सावनेर चपला घालायला दाराशी आली, तिच्यामागे भिवापूर पिशवी घेऊन. मी त्याला बसा म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. तो मात्र हात जोडून उभा राहिला. साधा माणूस, डोळे वडिलांसारखे असावेत, फोटोत पाहिले होते तसे.

"ताई, आईच्या तेरवीले बोलता नाही आलं," तो मला म्हणाला. "लई दिसाचं राहून गेलं होतं. बाबा गेले त्या दिशी तुमाले फोन केला, तवा माह्यं वय काय होतं, मले काही सुचत नव्हतं. तुमी फक्त 'बरं' म्हटलं, आन नऊ दिवस सांभाळलं तिले. आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढे. म्हने, सख्खी बहीन बी इतकं करनार नाही."

सावनेरचा एक पाय चपलेत होता. तो तसाच राहिला. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं, पण ती भिवापूरकडे वळली. भिवापूर जमिनीकडे बघत होती. भावाला वाटलं आपण काही वावगं बोललो, तो कावराबावरा झाला.

"नंबर तुहा होता," सावनेर म्हणाली. मला. बस तेवढंच.

मी तिचा हात धरायला पुढे झाले. तिनं झिडकारला नाही, फक्त पर्स खांद्यावर घेतली, त्यामुळे हात राहिला नाही. मग भिवापूरच्या हातातली पिशवी तिनं घेतली. "चाल, तुले बसस्टँडवर सोडू," म्हणाली. "नाही त असं कर, आमच्या घरी चाल. सकाळी जा."

गॅलरीतून मी खाली बघत होते. भाऊ गाडी काढत होता. मागच्या सीटवर दोघी बसल्या. भिवापूरनं एकदा वर बघितलं. सावनेरनं नाही. ओट्यावर तिखटाची पुडी होती, माझ्यासाठी आणलेली, वर पेनानं 'ध' लिहिलेलं.

त्या रात्री आणि शनिवारी मी सावनेरला किती तरी लिहिलं. लिहिलं, खोडलं, शेवटी पाठवलं. मी कशी लहान होते, कशी घाबरले, ट्रेनमध्ये तिनं हात धरल्यावर मला ते सोडवेना. सगळं खरं होतं आणि सगळं वाचताना माझं मलाच कसनुसं होत होतं. तिनं वाचलं, ते दिसत होतं. उत्तर आलं नाही. मी सांगितलं असतं तर तिनं मला माफ केलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला बारा वर्षं विचारत होते. आता दुसरा विचारते. तिनं माफ केलंच असतं. भिवापूरला केलं, न केलेल्या गोष्टीसाठी. मग मी कशाला भीत होते? ती मला चांगली समजत होती, तेवढंच मला सोडायचं नव्हतं. त्यासाठी भिवापूरची बारा वर्षं गेली.

आम्ही एका घरात राहत होतो तेव्हापासूनची एक रीत होती. कुठंही जा, पोहोचल्यावर कळवायचं. 'पोचली', एवढा एकच शब्द. लायब्ररीत जा, लंडनला जा, भारतात जा. सावनेरनं ती रीत बारा वर्षं पाळली. दरवेळी कॅनडाला उतरली की सामान यायच्या आधी मला तो शब्द यायचा, आणि मी कुठल्याही वेळी उठून तो वाचायचे.

रविवारी तिचं विमान सुटलं असेल त्या वेळेपासून मी फोन जवळ ठेवला. सोमवारी ऑफिसात दोनदा चार्ज केला. त्या बापाचा मुलगा आला होता, फॉर्म पूर्ण करायला. मी त्याला विचारलं, हा रूममेट चांगला आहे का? तो म्हणाला, एकदम भारी आहे मॅडम. मी फॉर्म पुढे सरकवला.

मंगळवारी सकाळी भिवापूरचा फोन आला. मागे कोणीतरी खोकत होतं, तिची सासू असावी.

"ते पोचली," ती म्हणाली. "काल फोन आला होता मले. तुले सांगू नको म्हने. पन तू वाट पाहून राहिली असशील, म्हनून सांगतलं."

मी बरं म्हटलं.